दोन गावांत लागलेलं दही

"मॅडम, हे दही हाय का दूध? मले समजूनच नाही राहिलं," दवाखान्याच्या स्वयंपाकघराचे इंगळे कॅन माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले. "पेशंटले काय देऊ?"

दवाखान्याला दही आमच्याकडूनच जाई. कॅनमध्ये दूधच होतं. विरजण लावूनही ते लागलं नव्हतं.

साठचं दशक संपत आलं होतं. अमरावतीच्या एका डेअरीत मी बॅक्टेरिऑलॉजिस्ट होते, तीही टेम्पररी. विरजण म्हणजे जिवंत बॅक्टेरिया. ते दुधातली साखर खातात, आम्ल सोडतात आणि दूध घट्ट होतं. डेअरीत त्याला कल्चर म्हणतात. ते माझ्या ताब्यात असल्यामुळे दही न लागणं हा गुन्हाही माझाच.

"वानखडेबाई, कल्चर मेलंय तुमचं," मॅनेजर बर्वे साहेब म्हणाले. ते पुण्याचे.

"नाही सर. मायक्रोस्कोपखाली वाढताना दिसतंय. फक्त आंबवत नाही."

"मग करतं काय?"

तेच शोधायला मी नळ्या काढल्या.

पहिला संशय औषधावर गेला. गाईची कास सुजली की स्ट्रेप्टोमायसिन देत. तिवस्याकडून येणाऱ्या दुधात ते उतरलं असेल, असं वाटलं. म्हणून कल्चरमध्ये मुद्दाम ते औषध घालून पाहिलं. फ्रिजमध्ये जपलेलं जुनं, चांगलं कल्चर साफ मेलं. बिघडलेलं मजेत वाढलं! औषधाला ते निर्ढावलं होतं, पण त्यानं आंबवणं काहून सोडलं?

बिघडलेलं चांगल्याला बिघडवतं की काय, हे पाहायला दोन्ही एकत्र वाढवली. मग बिघडलेलं तेवढं वेगळं काढायला त्यातला थेंब औषध घातलेल्या दुधात टाकला. चांगलं मरेल, बिघडलेलं उरेल, दूध तसंच राहील. सरळ हिशेब.

सकाळी घट्ट दही.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा दही. एकटं चांगलं औषधात मरे. एकटं बिघडलेलं आंबवत नसे. एकत्र राहून जे उरे, ते औषधही पचवी आणि दूधही आंबवी. बिघडलेल्यानं चांगल्याकडून कसब उचललं होतं? दह्याच्या बॅक्टेरियाबद्दल असं माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं.

दोन्ही कल्चर घेऊन अकोल्याची बस धरली. कॉलेजातला सोबती तायडे तिथल्या लॅबमध्ये होता.

"काहून आली व?"

"मले येड लागून राहिलं का, ते पाहाले."

मी तिथेच जठारपेठेत बहिणीकडे थांबले. त्यानं स्वतःच्या नळ्यांत, स्वतःच्या हातानं सगळं केलं. नंतर निरोप धाडून बोलावलं, आणि नळी उलटी धरून दाखवली. दही हललं नाही.

"लागलं ना व! कसं काय?"

"तेच तर तुले इचारून राहिली."

परत येऊन साहेबांना सांगितलं. ते हसले. "दोन गावांत एकच चूक. बॅक्टेरिया काय एकमेकांच्या शिकवण्या घेतात?" मग गंभीर झाले. "औषधाला दाद न देणारं कल्चर पेशंटच्या दह्यात नको. सगळं उकळा. नवीन मागवलंय."

पेशंटबद्दलचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी उकळलं. नव्या कल्चरनं दही लागलं, इंगळे खूश झाले, पुढे मी कायमही झाले.

निवृत्तीच्या सुमारास एका जर्नलमध्ये वाचलं. या बॅक्टेरियांची साखर खाण्याची विद्या पुष्कळदा डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असते. त्याला प्लास्मिड म्हणतात. ते हरवू शकतं, आणि शेजाऱ्याकडून मिळूही शकतं. आमच्या नळ्यांत तेच झालं होतं का? असेल. पण आमचं उकळलेलं, तायडेच्या नळ्याही कधीच धुतल्या गेलेल्या; तपासायला काहीच उरलं नव्हतं.

एका गावात झालं तर चूक म्हणावी. दोन गावांत झालं, तर निदान एक नळी कुलपात ठेवावी.