वाटेवरची चूल

नव्वदच्या दशकात मी बारामतीला महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होतो. अनोळखी माणसांत माझी जीभ जड होई. तरीही मेंढपाळांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या एका अमेरिकन बाईंना दुभाषा हवा होता आणि दुसरे कोणी मोकळे नव्हते, म्हणून मी गेलो.

बाईंचे पणजोबा अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. छळामुळे पंथाची वस्ती दूर हलली, तेव्हा बायकोमुलांसह हातगाडी ओढत ते शेकडो मैल पश्चिमेला गेले. त्यांच्या रोजनिशीतील एक नोंद बाईंना सलत असे. वाटेत धाकटी मुलगी वारली. तिला पुरले, त्याच जागी चूल पेटवून स्वयंपाक केला आणि सकाळी तांड्यातल्या साऱ्या गाड्या त्या जागेवरून नेल्या. पणजोबा निर्दय होते का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

कन्हेरी गावाजवळ, बाजरी काढलेल्या रानात एका मेंढपाळ कुटुंबाचा मुक्काम होता. बाईंनी पणजोबांची हकीकत सांगितली, तेव्हा कुटुंबातल्या म्हाताऱ्या आबांना हातगाडीचेच कुतूहल. चाके लाकडी होती का, चढाला काय करत, घोडे का नव्हते?

"गाडीबी वडायची आन् सैपाकबी बायांनीच?" त्यांच्या बायकोने विचारले. "मग गडी काय करत हुते?"

"आमच्यावानी बोलणी खात हुते," आबा म्हणाले.

मग बाईंनी कागदावर उतरवून आणलेली ती नोंद वाचली. मी मुलीला पुरले इथपर्यंत मराठीत सांगितले. चुलीचे आणि गाड्यांचे वाक्य लाजेने गाळले.

आबांनी विचारले, "वर जाळ केला आसंल की, मास्तर?"

मी चमकलो. होय म्हणालो.

"करावाच लागतो. न्हाय तर कोल्ही उकरत्यात. आमचं लेकरू गेलं तवा आमी वर मेंढरं बसवली. रातभर तुडवून जिमीन सारखी झाली, वास ऱ्हायला न्हाय."

मी काय गाळले होते आणि आबांनी ते कसे ओळखले, हे मी बाईंना इंग्रजीत सांगितले. त्यांनी कागद मिटला. मग विचारले, तुमच्या लेकराची ती जागा पुन्हा सापडते का?

उत्तर म्हातारीने दिले. "इंदापूरच्या अलीकडं हाय. मेंढरं बसल्याली जागा, दोन सालं तितं बाजरी दांडगी आली. तेवढ्यावरनं वळखायची मी. आता समदा ऊस झालाय."

बाईंनी मिटलेला कागद पुन्हा उघडला आणि त्या नोंदीत जागेची काही खूण दिली आहे का, ते शोधू लागल्या.