हात न लागलेली रोपं

माझी आत्या रोपवाटिका चालवायची. टोमॅटोच्या रोपांवरून ती सकाळ-संध्याकाळ तळहात फिरवायची, प्रत्येक ट्रेवर वीसदा. "हात नाही फिरवला की लाडावतात. नुसती उंच होतात आणि बाहेर नेली की माना टाकतात," असं ती गिऱ्हाइकांना सांगे. यात जादू काही नाही. सतत हलवलं की रोप वारं सुटल्यासारखं वागतं, उंची सोडून खोड जाड करतं. आत्याला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला गेलेल्याची धडगत नव्हती.

मागच्या काचेच्या खोलीतले ट्रे तिची मुलगी, माझी ताई, बघायची. दोन वर्षांपूर्वी ताई तापाने गेली. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. त्यानंतर महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकायचा कोणाला धीर झाला नाही. ट्रेखालच्या थाळ्यांत बाहेरून नळीने पाणी जायचं, तेवढंच. मग आत्याने दार उघडलं, तर रोपं बुटकी, जाड खोडाची. कोणी रोज हात फिरवावा तशी.

तेव्हापासून ती दर महिन्याला तिथे एक ट्रे पेरायची आणि दाराला कुलूप लावायची. रोपं ठेंगणीच निघायची.

"ताई येते," ती सांगायची, दूधवाला येऊन गेला म्हणावं तशा सुरात.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, आत्याच्या हृदयाची झडप महिन्याभरात बदलली नाही तर भरवसा नाही. ऑपरेशन दुसऱ्या शहरात होतं. आत्या हटून बसली.

"ती आली आणि घरात कोणीच नसलं तर?"

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. माझा विश्वास तपासणीवर. मी ती खोली पालथी घातली, आणि खिडकीची एक काच कोपऱ्यात फुटलेली सापडली. वारा थेट ट्रेवर येत होता. माझा जीव भांड्यात पडला.

"आत्या, हा बघ ताईचा हात," मी म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून जीभ चावली.

तिने फुटक्या कोपऱ्याशी तळहात धरून वारा पाहिला. "काच बसव," ती शेवटी म्हणाली. "नवा ट्रे पेर, किल्ली तुझ्याकडेच ठेव. रोपं लांबली तर मुकाट्याने येते तुझ्याबरोबर."

मी काच बसवली, सगळ्या फटींवर चिकटपट्टी लावली. तुलनेसाठी त्याच बियांचा एक ट्रे लॅबच्या बंद खिडकीत ठेवला. तीन आठवड्यांत तिथली रोपं लांब, बारीक झाली, सगळी उजेडाकडे झुकलेली. अगदी हवी तशी.

ठरलेल्या दिवशी, आत्या अंघोळीला गेल्यावर, मी एकटीनेच कुलूप उघडलं. चिकटपट्टी होती तशी होती. आत हवा अजिबात हलत नव्हती. रोपं बोटभर उंचीची, खोडं जाड. आणि वास येत होता. टोमॅटोच्या पानाला हात लागला की एक उग्र वास सुटतो. हात लागला नाही तर तो असा दरवळत नाही. खोली त्या वासाने भरली होती.

भीती वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला.

"अगं, आई मरेल तुझी," मी मोठ्याने म्हणाले.

मग तुलना दाखवायला सोबत आणलेला लॅबमधला ट्रे गाडीतून काढून तिथे मांडला, ठेंगण्या रोपांचा ट्रे डिकीत लपवला आणि वास जाईपर्यंत दार उघडं ठेवलं. आत्या आली. तिने एका रोपाला बोट लावलं, ते लगेच आडवं झालं.

"सुटली म्हणायची पोर," ती म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला थोपटत राहिले.

ऑपरेशन नीट झालं. आत्या आता माझ्याकडेच असते, दोन वेळा जेवते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. रोपवाटिका बंद आहे. महिन्यातून एकदा मी तिला लॅबमध्ये जादा काम आहे असं सांगते, रोपवाटिकेत जाते आणि मागच्या खोलीत एक ट्रे पेरून येते.