ठोंबरे बाई आणि शाळेचा पहिला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर उघडण्याआधी ठोंबरे बाई हातातल्या बांगड्या उतरवून ठेवायच्या. त्यासाठी त्या मुद्दाम सैल भरून घेत. मग खिडकीच्या लोखंडी गजाला तळहात लावून क्षणभर उभ्या राहायच्या. अंगात साठलेली वीज गजातून निघून जाते, नाहीतर नुसतं बोट लागून चिप मरते, असं त्या सांगत. आमच्या शिपाई सखूमावशींना ते बघवत नसे.

"बाई, नवरा जित्ता आसताना हात मोकळं करू ने."

"त्यांना इचारलंय मावशी. म्हणाले काढ, पन येताना इसरून येऊ नको."

ही गोष्ट नव्वदच्या दशकाअखेरची. न्हावऱ्याच्या पुढच्या एका गावात मी मुख्याध्यापक होतो आणि बाई गणित शिकवायच्या. कोरेगाव भीमाकडच्या एका कारखान्यानं वापरातून काढलेला कॉम्प्युटर शाळेला दिला होता. बाकीचे शिक्षक त्याच्यावर कापड घालून लांबून बघत. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं झाकण काढलं.

बाईंचं माहेर मेंढपाळांचं. मुलींना गोळा करून त्या आतला हिरवा बोर्ड दाखवत. "ही मधली मोठी चिप म्हंजी मेंढपाळ. ही रॅम म्हंजी कुरण. कुरण लहान आसलं की मेंढरं दाटतात, आन् मेंढपाळ कितीबी हुशार आसला तरी काम अडतं." शिकवताना प्रमाण बोलणाऱ्या बाई चिपांपाशी आल्या की माहेरचं बोलू लागत.

संस्था कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करणार होती. तो आपल्याला मिळावा, एवढंच बाईंनी माझ्याकडे मागितलं होतं. "सर, दुसरं काही नको. खोलीची किल्ली माझ्याकडं राहू द्या."

खंडेनवमीला बाई रॅम आणायला एसटीनं दौंडला गेल्या. कुठली बसते ते पाहण्यासाठी झाकण काढून ठेवलेलं होतं. जाताना मला बजावून गेल्या, "सर, पूजा मी आल्यावर. झाकण बसवते, मग हळद-कुंकू वाहा." मी मान डोलावली.

संस्थेचे अध्यक्ष, आमचे आप्पा, सकाळीच आले. त्यांना पुढं दोन ठिकाणी जायचं होतं. उघडा कॉम्प्युटर पाहून ते खुश झाले. "बरं झालं की. देव आत बसलाय, तवा पूजा आतच करू." त्यांनी भंडारा उधळला. तीर्थ मी शिंपडलं. मला बाईंचं बोलणं आठवत होतं, पण आप्पांचा हात कोण धरणार?

"आता चालू करून दावा, सर."

मी बटण दाबलं. चर्र आवाज झाला, धुराचा वास आला आणि सगळं शांत झालं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कशानं वो?"

"बाईंनी उघडं ठेवलं होतं," मी म्हणालो. वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

दुपारी बाई आल्या. कापसानं एकेक चिप पुसताना कापूस पिवळा आणि ओला होत होता.

"सर, आत पाणी कुणी घातलं?"

"मला काय माहीत, बाई. मी ऑफिसात होतो."

त्यांनी माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. त्यावर भंडारा होता. "बरं," म्हणाल्या आणि कापूस बदलला.

संस्थेनं किल्ली काढून घेतली. पुढं नवे कॉम्प्युटर आले, ते शिकवायला शिरूरहून एक तरुण आला. बाई निवृत्तीपर्यंत गणितच शिकवत राहिल्या. त्या खोलीवरून जाताना त्यांनी कधी आत डोकावलं नाही. माझ्याशी बोलणं मात्र पूर्वीसारखंच ठेवलं, आणि तेच मला जड जाई.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. शोकसभेत एक जुना विद्यार्थी प्रेमानं म्हणाला, "बाईंनी पहिला कॉम्प्युटर जाळला, म्हणून तर आपल्याला नवीन मिळाले." लोक हसले. व्यासपीठावर बसून मीही हसलो.

निघताना बाईंच्या यजमानांनी मला गाठलं. "सर, तिनं खरंच जाळला व्हता का वो? घरी कवा बोलली न्हाई."

"जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या," मी म्हणालो आणि चपला शोधू लागलो.

ठोंबरे मामा, त्या दिवशी तुम्हाला उत्तर दिलं नाही. बाईंनी जाळला नाही. झाकण बसवेपर्यंत थांबा, असं त्या मला सांगून गेल्या होत्या. पाणी मी शिंपडलं आणि बटणही मीच दाबलं.