साडूंचं प्रवाळ आणि हारातला झेंडू

माझ्या साडूंइतका रागीट माणूस अख्ख्या मूल तालुक्यात दुसरा नाही, आणि इतकं नाजूक काही जिवापाड सांभाळणाराही नाही. समुद्रापासून इतक्या दूर, धानाच्या मिलशेजारच्या बैठकीत हा गृहस्थ काचेच्या टाकीत खारं पाणी भरून प्रवाळ पाळतो. दगडी सांगाड्यावर लाल-हिरवं लुसलुशीत मांस. दिवा लागला की गादीसारखं फुगतं. वीज गेली की साडू जनरेटरच्या आधी सुरू होतात. कुणी 'काय फूल आहे' म्हणत काचेवर टिचकी मारली तर त्याचा चहा परत जातो. "फूल काऊन म्हणता? जीव आहे तो! तुमच्या टकुऱ्यावर मारू का टिचकी?" मेहुणी म्हणते, "लग्नात मले इतकं निरखून नाई पाह्यलं यायनं."

गेल्या वर्षी एका पुढाऱ्याला ही टाकी बघायची हुक्की आली. सोबत फोटोवाला आणि बैठकीत न मावणारी माणसं. आमच्याकडे देवळाच्या तळ्यातल्या माशांना मुरमुरे टाकायची पद्धत आहे. पुण्य लागतं, फोटोही बरा येतो. पुढाऱ्याने टाकीत मूठभर मुरमुरे सोडले आणि वरून गळ्यातल्या हाराचा झेंडू कुस्करून टाकला.

"काय करून राह्यले हे!" साडू कडाडले.

"भाऊ, पुण्याचं काम आहे."

"तुमचं पुण्य माह्या लेकराच्या तोंडात काऊन कोंबता? निघा!"

अख्खी मिरवणूक रस्त्यावर आली. मी पुष्कळ सत्कार पाहिलेत, इतका यथोचित एकही नाही. त्या पुढाऱ्याचा राग मला अजून येतो. समोर काय आहे हे न बघता आशीर्वाद देत सुटणारे हात मला चोरांच्या हातांपेक्षा धोकादायक वाटतात.

मुरमुरे जाळीने निघाले, पण झेंडूवर फवारलेलं कीटकनाशक पाण्यात उतरलं. मांस आक्रसत गेलं, खालचा पांढरा सांगाडा दिसू लागला. साडू पाणी बदलत राहिले आणि पुढाऱ्याला, झेंडूला, मला शिव्या घालत राहिले. मग एक दिवस मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, या ना. काल लाइन गेली, तरी हे कोणावर ओरडले नाई."

मी गेलो. साडू टाकीसमोर स्टुलावर बसले होते. सांगाड्याच्या कडेला नखाएवढं लाल उरलं होतं. मी मुद्दाम काचेवर टिचकी मारली.

साडूंनी मान वर केली. मग आतल्या दिशेने म्हणाले, "यायले चहा देऊ नको!"

आवाज पूर्वीच्या निम्माही नव्हता. आत मेहुणीने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं, आणि मी त्या नखाएवढ्या लाल तुकड्याकडे बघत बिनचहाचा बसून राहिलो.