गाजलेल्या हळदीचे हप्ते

सरळगावजवळच्या आमच्या गावात प्रणितच्या हळदीचं नाव अजून निघतं. दोन डीजे, चारशे माणसांना मटण, आणि नवरदेव नव्याकोऱ्या बुलेटवर. कुणाली शहापूरकडची. ती सून म्हणून आली तेव्हा जो भेटेल तो तिला सांगायचा, "तुझ्या नवऱ्यासारखी हळद तालुक्यात झाली नाय गो!" तीही हसून मान डोलवायची.

पाचव्या महिन्यात तिच्या मोबाइलवर वसुलीवाल्याचा फोन आला. लग्न ठरलंय म्हणून प्रणितने कर्जाच्या फॉर्मवर दुसरा संपर्क म्हणून तिचाच नंबर देऊन ठेवला होता. संध्याकाळी तो मुरबाडच्या कंपनीतून आला. तिने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "हळदीचे किती राहिलेत?"

त्याने कप तसाच खाली ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

"ज्याचे द्यायचेत त्यानंच."

मग सगळं बाहेर पडलं. हळदीसाठी तीन लाखांचं पर्सनल लोन, वर बुलेटचा हप्ता, क्रेडिट कार्डावर साठ हजार, आणि हे हप्ते भरायला मोबाइलवरच्या ॲपांकडून घेतलेली आणखी दोन कर्जं. पगार एकोणीस हजार, हप्ते सतरा हजारांचे. कुणाली दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बुलेट विका."

बुलेट गेली. तिचं कर्ज फिटलं, उरलेल्या पैशांत दोन्ही ॲपं मिटली. प्रणित कंपनीच्या बसने जाऊ लागला आणि कुणालीने आईकडून शिकलेला मसाला करून विकायला काढला. मसाला लोकांना आवडला, पण उन्हाळ्यात मुरबाडला डंकावर मिरची कुटायला अर्धा अर्धा दिवस रांगेत जायचा. आपलाच डंक असला तर? ती प्रणितला घेऊन बँकेत गेली.

तिथल्या रेश्मा मॅडमनी कॉम्प्युटरवर प्रणितचं नाव टाकलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "सिबिल पाचशे अडतीस. हप्ते चुकलेत, कार्ड थकलंय. आत्ता नाही मिळणार."

"हा आकडा वाढतो का?" कुणालीने विचारलं.

"वाढतो की. पण घाई करून नाही."

त्याच आठवड्यात कार्डवाल्यांचा माणूस गोड बोलू लागला, "साठचे पंचवीस द्या, सेटल करून टाकू." प्रणित तर उडालाच, "पस्तीस हजार वाचले!" कुणालीला हे फार सोपं वाटलं. तिने मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "असं मिटवलं तर रेकॉर्डवर 'सेटल' असा शेरा राहतो. पुढची बँक तोच आधी बघते. जमत असेल तर हप्ते मागून घ्या, पूर्ण भरा आणि बाकी नसल्याचं पत्र हातात घ्या."

बारा हप्ते ठरले. मसाल्याच्या पैशांतून भरले. पत्र आलं त्या दिवशी प्रणितने ते तीनदा वाचलं आणि पेढे आणले. "पेढे रोखीनं आणलेत ना?" कुणालीने विचारलं. घरात बऱ्याच दिवसांनी सगळे पोट धरून हसले.

पुढे मॅडमच्या सांगण्यावरून पंधरा हजारांची मुदतठेव करून तिच्यावर छोटं कार्ड घेतलं. त्यावर फक्त गॅस सिलेंडर, आणि बिल आलं की त्याच दिवशी भरायचं. मोठ्या लोनचा हप्ता त्यानंतर एकदाही चुकला नाही. आकडा सहाशेवर गेला, मग सातशेला टेकला.

एवढ्यात धाकट्या संदेशचं लग्न ठरलं. अंगणात भाऊबंद जमले. सासरे धर्माबाबा म्हणाले, "मोठ्याची हळद गाजली, धाकट्याची मुकी करायची काय?"

प्रणित उठला. कान लाल झाले होते. "बाबा, त्या हळदीचे हप्ते मी अजून भरतोय. शेवटचे चार राहिलेत."

कोपऱ्यातून नवसूकाका खाकरले. "माझ्या पोराच्या हळदीचे तर बावीस राहिलेत!" दुसऱ्याने बोट वर केलं, तिसऱ्याने आपला आकडा सांगितला, आणि अंगणभर हशा उसळला. धर्माबाबा मात्र हसले नाहीत. प्रणितला जवळ बसवून म्हणाले, "मला सांगायचंस ना रे."

संदेशची हळद घरच्या तांदळावर आणि गावातल्या बेंजोवर झाली. लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या धवलारीण ठकीआत्याला प्रथमच डीजेशी भांडावं लागलं नाही. तिने एवढे धवले म्हटले की शेवटी तिला पाणी पाजून बसवावं लागलं. तरणी पोरंही पहाटेपर्यंत नाचली.

मोठं लोन फिटल्यावर चार महिन्यांनी दोघं पुन्हा बँकेत गेले. सातशे बावन्न. रेश्मा मॅडमनी दीड लाख मंजूर केले. प्रणितने डंक स्वतः बसवला, फिटरच तो. यंदा एप्रिलमध्ये रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. एका दुपारी त्या रांगेत रेश्मा मॅडमही पिशवी घेऊन उभ्या दिसल्या, तीन किलो बेडगी आणि नाकाला रुमाल.

"मॅडम, तुमी आत या ना, पुढे घेते," कुणाली ओरडली.

रांगेतल्या बाया गरजल्या, "नाय हां, नंबरानं!"

मॅडमनी बायांना मान डोलवून हो म्हटलं आणि त्यांना लागोपाठ सात शिंका आल्या.