नमुन्याचा खड्डा

मातीची जात ठरवायची म्हणजे आधी खड्डा खणायचा. पाच फूट खोल, आत माणूस उभा राहील एवढा. मग आत उतरायचं, उन्हाकडच्या भिंतीला टेप लावायची आणि वरून खाली एकेक थर बघत जायचं. रंग कोणता, ओली माती बोटांत चोळली तर वळी होते का, मुळं कुठवर गेलीत, आम्लाचा थेंब टाकला तर फेस येतो का. हे सगळं छापील तक्त्यात भरायचं. शिवारभर असे खड्डे झाले की त्यांतला एक निवडायचा आणि जाहीर करायचं, ह्या सबंध पट्ट्याची माती अशी. शितावरून भाताची परीक्षा. पुढं नकाशा, पाणी, पीक, सगळं त्या एका शितावर चालतं. एका गावाला ते शीत मी दिलं, आणि ते खोटं होतं.

बहात्तरचा दुष्काळ अजून सरला नव्हता. मी शिरूरचा, शेतकीची पदविका घेऊन नुकताच माती तपासणीच्या खात्यात चिकटलेला, मुक्काम दौंडला. राहू गावाच्या बाजूच्या काही गावांना पाटाची नवी चारी काढायची होती आणि कोणत्या जमिनीला बारमाही पाणी सोसेल ते आम्ही सांगायचं होतं. प्यायला पाणी नाही आणि आम्ही उसाच्या पाण्याचे नकाशे करत हिंडतोय, याचं मला तेव्हा हसू यायचं. लोकांना येत नव्हतं.

त्या गावात खणायला माणूस मिळेना. हातीपायी धड होते ते सगळे खडी फोडायला गेलेले. शेवटी ज्यांच्या रानात खड्डा ठरला होता ते आबाच कुदळ घेऊन उभे राहिले. पन्नाशी उलटलेले, नुसती हाडं. त्यांच्या घराण्याच्या पिढ्या मेंढरांमागं गेलेल्या. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं, पावसाळ्याला परत. रान होतं, पण ते चरायला. दुष्काळानं कळप खाल्ला होता आणि वीसेक मेंढरं उरली होती. मुलगा खडीवर, म्हणून माती उपसायला सून आली होती. ती घमेलं भरायची आणि बांधावर नेऊन ओतायची.

खणता खणता आबा थांबले.

"साहेब, एक खरं सांगा. ह्या रानाला पाणी सोसंल का? सोसत आसंल तर ऱ्हायलेली मेंढरं इकतो आन् रान सपाट करतो. न्हाईतर न्हाई. दोन्ही दगडांवर पाय ठिवायचं वय ऱ्हायलं न्हाई आता."

"खड्डा होऊ द्या, मग सांगतो," मी म्हणालो.

खड्डा कमरेएवढा झाला. तीन फुटांच्या जरा वर. वरपासून तिथवर एकसारखी काळी माती. आबा थकले होते; कुदळीचा घाव आता मातीत रुतत नव्हता, नुसता आपटत होता. शनिवार होता. दौंडहून शिरूरची शेवटची एसटी चुकली असती तर रविवार माझ्या धर्मशाळेसारख्या खोलीत गेला असता.

"बास, आबा. या वर."

"पाच फूट म्हणलं हुतं न्हवं?"

"खाली हीच माती आहे."

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की म्हाताऱ्याची दया आली. आलीही असेल थोडी. पण एसटीची घाई जास्त खरी. खालच्या दोन फुटांच्या रकान्यात मी 'वरीलप्रमाणे' लिहिलं. आम्ही सगळेच कधी ना कधी ते लिहायचो. पण खालच्या थराची पिशवी प्रयोगशाळेला रिकामी पाठवता येत नाही. म्हणून तळाशी होती तीच माती मी दोन पिशव्यांत भरली आणि दुसरीच्या चिठ्ठीवर चार ते पाच फूट असं लिहिलं. सूनबाई बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं, याचं मला बरं वाटलं होतं.

"सोसेल, आबा," मी सायकलवर बसता बसता म्हणालो. "बिनघोर करा."

प्रयोगशाळेनं दोन्ही पिशव्या जवळपास एकसारख्या ठरवल्या. ठरवणारच. माझं अक्षर सुरेख होतं, आणि त्या तक्त्यात ना मध्येच मुरूम ना चुनखडी. वरपासून खालपर्यंत काळी, कसदार, निचऱ्याची. आमच्या साहेबांना असला नीटनेटका तक्ता फार आवडला. पट्ट्याचा नमुना म्हणून त्यांनी तोच निवडला. नकाशावर तिथं बारमाही पाण्याचा हिरवा रंग भरला गेला. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही, उलट शाबासकी घेतली.

पाणी आलं. आबांनी मेंढरं विकली, रान सपाट केलं, ऊस लावला. पहिली तीन वर्षं ऊस असा आला की दौंडच्या बाजारात आबा भेटले तेव्हा त्यांनी माझे हात धरले आणि गुळाची ढेप पिशवीत कोंबली. मी ती खाल्ली. त्यानंतर रानात पांढरे डाग पडू लागले. दिलेलं पाणी वरच डबकून राहायचं, वाळलं की मातीवर पापुद्रा धरायचा. ऊस पिवळा पडला, मग उगवेचना. आधी आबांचं रान, पाठोपाठ शेजारपाजारचं. आपल्याकडं अशा जमिनीला चोपण म्हणतात. दशक संपत आलं तेव्हा गावानं अर्ज केला, सरकारनं खर्च करून पाणी काढून नेणारा चर खणून द्यावा.

अर्जाची चौकशी करायला साहेब आणि मी जीपनं गेलो. गाव बांधावर जमलेलं. मी म्हणालो, नवा खड्डा घेऊ. साहेब म्हणाले, "नमुन्याचा खड्डा इथलाच आहे, नवा कशाला?" आणि त्यांनी माझाच तक्ता मोठ्यानं वाचून दाखवला. पाच फुटांपर्यंत माती निर्दोष. "म्हणजे जमीन चांगली होती. तुम्ही लोकांनी पाणी पाजून पाजून मारली. सरकारनं का भरायचं?"

आबा पुढं आले. "साहेब, खड्डा पाच फूट न्हवता. कंबरंपत्तुरच हुता. मीच खणलेला. खाली काय हाय ते तवा बघितलंच न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "काय हो?"

आज इतक्या वर्षांनी सुद्धा ते आठवलं की मला माझी किळस येते. माझ्या जोडीचे दोघे खोट्या नोंदींपायी नुकतेच घरी बसवले होते, माझं लग्न ठरलं होतं, ही कारणं खरी आहेत आणि त्यांची किंमत शून्य आहे.

"पाच फूट होता, साहेब," मी म्हणालो.

गाव आबांकडं बघायला लागलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "तसं आसंल. मलाच याद ऱ्हात न्हाई."

साहेब चारी बघायला चालत पुढं गेले, गावही त्यांच्या मागून गेलं. मी मागं राहिलो. आबा जवळ आले आणि त्यांनी जीपमधल्या गिरमिटाकडं बोट दाखवलं.

"ते लावून बघा की एकदा."

मी लावलं. गिरमिट म्हणजे जमिनीत पिळून घालायची लोखंडी दांडी. टोकाला येईल ती त्या खोलीची माती. चार फुटांच्या पुढं ती खरखरली आणि पांढरा, घट्ट लगदा घेऊन वर आली. त्यावर आम्लाचा थेंब टाकला तर दूध उतू जावं तसा फेस आला. चुनखडीचा थर. पाणी अडवून धरणारा, मुळात तिथंच असलेला, पाण्यानं पाच-सहा वर्षांत कधीच न होणारा. आणखी हातभर खणलं असतं तर कुदळीला लागला असता.

"लागलं?" आबांनी विचारलं.

"लागलं."

"माणसाला इसर पडतो, साहेब. तुमी काय मुद्दाम केलं न्हाई. आता हे लिवा म्हंजी झालं."

मी तो लगदा पिशवीत भरला, त्यांच्यासमोर चिठ्ठी लिहिली, तोंड बांधलं. मला त्या घडीला खरोखरच लिहायचं होतं. दौंडला आल्यावर हिशेब कळला: ही पिशवी खरी ठरली तर आधीची खोटी ठरणार, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर माझंच अक्षर. पिशवी टेबलाच्या खालच्या खणात गेली. अहवाल मीच लिहिला. अतिरिक्त पाण्यामुळं नुकसान, जबाबदारी शेतकऱ्यांची. चर नामंजूर झाला. सगळ्यांत आधी आबांचं रान बिघडलं होतं, म्हणून गावानं ठरवलं की आबांनीच पाण्याचा सपाटा लावून सगळ्यांचं वाटोळं केलं. त्यांच्या बांधावरून कुणी जाईना.

दोनेक महिन्यांनी त्यांची सून कचेरीत आली. दारातच उभी राहिली, पदर सावरून. साहेब जागेवर नव्हते.

"आबा दुसऱ्याची मेंढरं घिऊन कोकणात गेल्यात," ती म्हणाली. "जाताना सांगून गेल्यात, साहेबास्नी इचारून ये. त्या पिशवीचं काय झालं?"

"तपासणी चालू आहे," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. ती तपासणी कसली असते हे तिनं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी ती भांडली नाही.

"आजून माती लागत आसंल तर सांगा. मी पाच फूट खणून ठिवते."

"लागली तर कळवीन," मी म्हणालो.