आइसलँडचा पूर आणि माझा हट्ट

दोन हजार चोवीस साल, माझं वय एकोणऐंशी. शिक्षण चौथीपर्यंत, पण शब्दाला पक्का. बायको गेल्यापासून एडिनबराला लेकीकडे, सुनंदाकडे राहतो. ती युनिव्हर्सिटीत ज्वालामुखींचा अभ्यास करते. आइसलँडला म्हणे हिमनदीखाली ज्वालामुखी असतात. पेटले की बर्फ आतून वितळतं, पाणी साठत जातं आणि एक दिवस हिमनदीला उचलून बाहेर फुटतं. बर्फाखाली विस्तव राहील कसा, म्हणून मी वाद घालायचो. "आबा, तुमच्यासारखंच आहे ते. वरून गार, आत भडका," म्हणून ती हसायची.

त्या उन्हाळ्यात ती तिकडेच होती आणि तसाच पूर आला. टीव्हीवर पूल वाहून जाताना बघितला. तिचा फोन लागेना. युनिव्हर्सिटीची माणसं म्हणाली, अजून कुणाशीच संपर्क नाही. मी आंघोळ केली, धुपाटण्यात करवंटीचे निखारे केले, वर धूप टाकला आणि खंडोबासमोर बसलो. म्हटलं, पोरीची खबर दे, तोवर उठत नाही. बघू कोण थकतं.

घरभर धूर झाला नि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. मग दारावर थापा. उठलो तर शब्द मोडतो, म्हणून दात आवळून बसून राहिलो. थापा काही थांबेनात. त्या कालव्यात मला देवाचं नावही धड घेता येईना, आणि अंगातलं झुंजायचं बळच सरलं. म्हटलं, मल्हारी, हरलो मी. पोर तुझी आहे, तुझी तू सांभाळ. आणि उठलो.

दारात खालच्या मजल्यावरची गोरी बाई, धूर बघून धावत आलेली. माझ्या तोंडून मोडक्या इंग्रजीत एवढंच निघालं: मुलगी, आइसलँड, पूर. ती माझ्याकडे बघतच राहिली. ती मूळची तिकडचीच, आणि तिचा भाऊ तिथल्या बचाव पथकात. इतकी वर्षं जिन्यात भेटत होती, मी कधी विचारलंच नव्हतं. तिने तिथेच उभ्याउभ्या भावाला फोन लावला. सुनंदा नि तिची माणसं पुराच्या आधी टेकडीवर चढली होती आणि तो नुकताच त्यांच्यापाशी पोचला होता. बाईने फोन माझ्या कानाला लावला.

"आबा, जेवलात का?"

माझीच पोर.

कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मला एवढंच कळलं, की मी हट्टाने आत बसलो होतो तोवर देव दाराबाहेर ताटकळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वांगं भाजून भरीत केलं, जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने रोडगे थापले. खंडोबाला नैवेद्य दाखवला, मागितलं काही नाही. मग ताट झाकलं आणि त्या बाईकडे घेऊन गेलो.